पुलियापलीकडची संगत

नागपुरात पोरगा नववीत गेला की आईबापांना दोन चिंता लागतात, ट्युशन आणि संगत. ट्युशनची चिंता फी भरली की निम्मी उतरते. संगतीची पावती मिळत नाही, म्हणून चौकश्या सुरू होतात. कोण होता तो? कोणत्या शाळेत आहे? आणि मग खरा प्रश्न, राहतो कुठं?

हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. या शहरात वस्तीचं नाव कानावर पडलं की ऐकणारा बाकीचा फॉर्म स्वतःच भरून टाकतो. जात, बापाचा धंदा, बापाची दारू, घरातल्या खोल्या, सगळं. आडनाव विचारणं हल्ली बरं दिसत नाही, म्हणून लोक पत्ता विचारतात.

माझ्या मुलाचा एक मित्र आहे, त्याचा पत्ता असाच आहे. त्याचं नाव इथे येणार नाही, वस्तीचंही नाही, आणि काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. ते का, हे पुढे येईल.

आधी आमच्या लेआउटबद्दल सांगायला हवं. शेतीची जमीन, एका संस्थेनं पाडलेले प्लॉट, नकाशा मंजूर नाही, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही. नागपूरकरांना यात नवल वाटणार नाही. असे शेकडो लेआउट या शहरात आहेत. २००१च्या गुंठेवारी कायद्यानं त्यांना नियमित होण्याची वाट दिली. लोकांनी नागपूर सुधार प्रन्यासच्या खिडकीवर विकास शुल्क भरलं, आरएल म्हणजे नियमित केल्याचं पत्र हातात घेतलं, आणि काल अनधिकृत असलेलं घर आज अधिकृत झालं. आमच्याकडे आरएलचा कागद लॅमिनेट करून ठेवणारी माणसं आहेत.

लेआउट संपतो तिथं नाला आहे, त्यावर पुलिया आहे, आणि पुलियापलीकडे वस्ती. ती आमच्या लेआउटपेक्षा जुनी. आमच्याकडची पहिली घरं बांधणारे मजूर तिथलेच होते. तिथल्या काही घरांना मालकी पट्टे मिळाले, बरीचशी अजून वाट बघताहेत. म्हणजे कागद बघायला गेलं तर नाल्याच्या दोन्ही काठांचा जन्म सारखाच. एका काठाला पैसे भरून नियमित होता आलं, एवढाच फरक. पण आमच्या लोकांच्या बोलण्यात ‘आपल्या इकडे’ आणि ‘त्यांच्या तिकडे’ यांत जे अंतर असतं, ते नाल्याच्या रुंदीपेक्षा बरंच मोठं आहे.

दोन पोरांची ओळख झाली प्रन्यासच्या ग्राउंडवर. टेनिस बॉलचं क्रिकेट, बॉल नाल्यात. आमच्याकडचे सगळे काठावर उभे राहून एकमेकांना ‘तू उतर, तू उतर’ करत होते. हा पलीकडून आला, उतरला, बॉल काढला, आणि परत द्यायच्या आधी म्हणाला, “मले बॅटिंग देत असान त देतो.” मिळाली बॅटिंग. इथपर्यंत काहीच विशेष नाही, अशा ओळखी आठवडाभरात विरतात. ही विरली नाही, कारण माझ्या मुलाच्या सायकलची फ्रीव्हील गेली होती आणि हा शाळा सुटल्यावर एका गॅरेजवर हाताखाली काम करायचा.

त्यानंतर तो संध्याकाळी गेटशी येऊन शीळ घालू लागला. बेल वाजवायचा नाही. घरात बोलावलं तर चप्पल पार कंपाउंडच्या बाहेर काढून यायचा आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसायचा, उठायला सोपं पडेल असा. “काकू, पाणी द्या ना” एवढं मागायचा, दुसरं काही नाही. माझ्या मुलाशी मात्र त्याचं बोलणं थांबायचं नाही. काय बोलतात हे मी बऱ्याचदा स्वयंपाकघरातून ऐकलं आहे. बोलण्यात अर्थ शोधायला जाऊ नये. कोणत्या बाइकचा आवाज कसा येतो, कोणत्या सरांची चाल कशी आहे, आलूपोंगा कोणाच्या ठेल्यावर चांगला मिळतो. दोन पंधरा वर्षांची पोरं ज्या गोष्टींवर पोट धरून हसू शकतात, त्या मोठ्या माणसाला समजावून सांगता येत नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या मुलाला मारबत, म्हणजे ईडापीडा घालवायला निघणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला इतवारीत घेऊन गेला. आम्ही नागपूरचे असून मुलाला तोवर कधी नेलं नव्हतं. गर्दी असते, म्हणून. काळी मारबत १८८१पासून निघते आणि पिवळी १८८५पासून, हे मुलानं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं होतं, प्रिंटआउट चिकटवून. पण नेहरू पुतळ्यापाशी दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा काय होतं, ते त्याला या मित्रानं दाखवलं. घरी आला तो घसा बसवूनच. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” हे तो रात्री जेवतानाही ओरडत होता. अंगावर कोणाचा तरी गुलाल, चप्पल तुटलेली. इतवारीच्या गल्ल्यांतून वाट कशी काढायची, पोलीस दोरी धरून उभे असले तर कोणत्या बाजूनं वाकून जायचं, अनोळखी दुकानदाराशी कसं बोलायचं, हे सगळं त्या एका दिवसात शिकून आला. पाचवीपासून आम्ही त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना पाठवत होतो.

आता बदललेल्या तपशिलांचं कारण. दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या दोन मोठ्या पोरांनी बर्डीवरून एक मोपेड उचलली. दोघंही विशीच्या पुढचे. तिघं ट्रिपलसीट जाताना पकडले गेले, आणि तिसरा हा होता. गाडी चोरीची आहे हे त्याला ठाऊक होतं का? होतं. त्यानं मला नंतर सरळ सांगितलं, “मालूम होतं काकू. पण ते फिरवून राहिले होते, त मीबी बसलो.”

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. त्यात चोरीची हौस नाही, पैशाचा लोभही नाही. ‘ते होते म्हणून मी’ एवढंच आहे. २००५मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. ३०६ जणांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला, काहींना एकटं बसवून, काहींना बरोबरीच्या दोघांसमोर. तेरा ते सोळा वयाच्या पोरांनी मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोके पत्करले. चोविशीच्या पुढच्या माणसांत मात्र कोणी बघण्या-न बघण्यानं फारसा फरक पडला नाही. तेव्हा संगतीची भीती खोटी नाही. या वयात मित्र शेजारी असणं हेच डोक्याला वेगळं चालवतं. आमच्या समोरचे काका म्हणतात, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वैज्ञानिकही दुसरं काही म्हणत नाहीत.

फक्त एक. ही म्हण वापरणारा प्रत्येक माणूस आपलं पोरगं पवळ्या धरून चालतो. गुण आपल्या पोराला लागणार, दुसऱ्याचा. आपल्या पोराचा गुण त्याला लागू शकतो, हा हिशेब कोणी मांडतच नाही. ज्याला ढवळ्या ठरवलं, तोही पंधराच वर्षांचा आहे, त्याचंही डोकं मित्र शेजारी असले की वेगळंच चालतं.

कायदा या बाबतीत आमच्या लेआउटपेक्षा पुष्कळ समजूतदार निघाला. २०१५चा बाल न्याय अधिनियम सांगतो की अशा मुलाला पोलीस कोठडीत टाकायचं नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. बेडी घालायची नाही. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी बाई. एरवी एवढ्या गुन्ह्यासाठी मुलावर एफआयआरदेखील होत नाही, पोलीस डायरीत नोंद करून त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला देतात. इथे सोबत मोठी माणसं होती म्हणून एफआयआर झाला. मंडळानं चौकशी केली, समुपदेशन लावलं, आईसमक्ष समज देऊन घरी पाठवलं. पुढे कुठंही हा निकाल त्याच्या आड येता कामा नये, असंही त्याच कायद्याचं कलम २४ म्हणतं. म्हणजे त्याला त्याचं आरएल मिळालं होतं. मंडळानं दिलं, आम्ही मान्य केलं नाही.

आमच्या लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो आला तो असा. ग्राउंडवर बॅट घेऊन उभा असलेला, कोणीतरी आधीच काढलेला, त्यावर लाल गोल. खाली नाव, वस्तीचं नाव आणि “सावध राहा”. त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मग सूचना. कॅमेरे वाढवा. ग्राउंडला कुलूप लावा. गेटवर रजिस्टर ठेवा. (रस्ता महानगरपालिकेचा आहे, त्यावर गेट कसं, हा प्रश्न एका वकीलसाहेबांनी विचारला होता, त्यांना उत्तर मिळालं नाही.) चोरणारे दोघं विशीच्या पुढचे होते, त्यांचा फोटो कोणाकडे नव्हता. ते कधी आमच्या ग्राउंडवर खेळायला आले नव्हते. ज्याला आपण ओळखत होतो, त्याचाच फोटो आपल्याकडे होता.

मी ग्रुपवर कलम ७४ टाकलं. कायद्यापुढे आलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोटो तासाभरात डिलीट झाला. माझ्याशी बोलणंही काही जणांचं डिलीट झालं. फोटो अर्थातच सगळ्यांच्या गॅलरीत राहिला.

पुढचं सगळं मग ठरल्यासारखं घडत गेलं. त्याची आई आमच्याकडच्या काही घरी पोळ्या करायची, त्यांतली दोन घरं सुटली. कारण कोणी सांगितलं नाही, ‘सध्या नको’ एवढंच. शाळेनं दाखला घेऊन जायला सांगितलं. चौदा वर्षांपर्यंत शाळेला असं करता येत नाही, शिक्षण हक्क कायदा आडवा येतो. पंधराव्या वर्षी तो हक्क मागे पडलेला असतो. मग लेआउटमधून एक सायकल गेली. कोणी नेली ते आजवर कळलं नाही, पण त्या संध्याकाळी ‘कळलं’ होतं सगळ्यांना. गार्डनं त्याला गेटवरून हाकललं. माझ्या मुलाच्या क्रिकेटच्या टीममधल्या पोरांना घरून ताकीद मिळाली. त्यांतले काही चांगले तोंडाचे, त्यांनी सरळ सांगितलं, “सॉरी यार, मम्मी नाही म्हणते.”

समोरचे काका वेकोलितून, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीतून, निवृत्त झालेले, सज्जन माणूस. त्यांच्या पत्नीच्या गळ्यातली पोत मागे कधी भर रस्त्यात खेचली गेली होती, मानेवर वळ उठला होता. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. ते एकदा फाटकाशी थांबवून म्हणाले, “तुमचा मुलगा चांगला आहे वहिनी, म्हणून सांगतो. आपण आपल्या पोरापुरतं बघायचं. जगाचा उद्धार करायला सरकार आहे.” मी म्हटलं, मीही माझ्या पोरापुरतंच बघते आहे. त्यांना ते पटलं नाही. मलाही तेव्हा नीट मांडता आलं नसतं, म्हणून आता मांडते.

संध्याकाळी साडेसहानंतर पुलियाच्या कठड्यावर कोण बसतं ते बघायला हवं. शाळा सुटलेली, काम न लागलेली, कामावरून काढलेली पोट्टी. जवळच पानठेला. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटून पन्नीत बांधून मिळतो, वय कोणी विचारत नाही. ज्या पोरांना सगळीकडून ‘इथे नको’ ऐकू आलं, ती सगळी तिथं जमतात, कारण तिथून कोणी हाकलत नाही. म्हणजे आपण ज्याला वाईट संगत म्हणतो ती आकाशातून पडत नाही. आपण एकेका चांगल्या घरातून, एकेका टीममधून, एकेका शाळेतून एकेकाला बाहेर काढतो आणि ती पुलियावर गोळा होते. मग आपण बाल्कनीतून बघतो आणि म्हणतो, बघा, कसल्या टोळक्यात बसतो!

अमेरिकेत टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं. १९९९च्या त्यांच्या लेखातली गोष्ट चक्रावून टाकणारी आहे. वाट चुकू शकणाऱ्या मुलांना एकत्र बसवून, चांगल्या हेतूनं, प्रशिक्षित माणसांकरवी गटागटानं मार्गदर्शन केलं. त्या मुलांत तंबाखू वाढला आणि शिक्षकांच्या तक्रारीही वाढल्या. याचं कारण त्यांनी पोरांच्या गप्पांच्या चित्रफितींतून शोधलं होतं, आणि ते होतं हसणं. नियम मोडल्याची गोष्ट एकानं सांगितली की बाकीचे हसतात, आणि त्या हसण्यासाठी पुढची गोष्ट सांगितली जाते, मग ती गोष्ट करून बघितली जाते. मारून मुटकून कोणी कोणाला बिघडवत नाही. कशावर हसू येतं, त्यावर पोरं घडतात.

हे वाचलं तेव्हा मला स्वयंपाकघरातून ऐकलेलं ते हसणं आठवलं. सरांची चाल, सायलेन्सरचा आवाज. माझा मुलगा कोणाला काही शिकवत नव्हता. तो फक्त वेगळ्या गोष्टींवर हसत होता, आणि त्याच्याशी बोलताना त्या पोरालाही वेगळ्याच गोष्टी सांगाव्या लागत होत्या. मोपेडच्या गोष्टीवर माझा मुलगा हसला नसता. हसला नाहीच. “येडा आहेस का बे?” असं म्हणाला आणि नंतर दोघं कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

पानठेल्याबद्दल एक कंस उघडते. मुलाला तंबाखू देणं हा त्याच २०१५च्या कायद्यात देणाऱ्याचा गुन्हा आहे, कलम ७७, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आमच्या ग्रुपवर त्या ठेल्याचा फोटो लाल गोल करून कधी आला नाही. आमच्यातले अर्धे तिथंच खर्रा घेतात.

बरं, आता आपल्या पोराचं काय होतं? कारण शेवटी प्रत्येकाला तेच विचारायचं असतं. याचं उत्तर भारतातच मिळालं आहे, दिल्लीत. सरकारी सवलतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या बड्या खासगी शाळांना २००७पासून गरीब मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला, तो २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ती श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, मदतीच्या कामाला जास्त पुढे आली. रिलेची टीम निवडायला सांगितली तेव्हा त्यांनी धावणारा बघितला, कपडे बघितले नाहीत. इंग्रजीचे गुण जरासे घसरले, हिंदी आणि गणिताचे नाही. आणि हो, शिक्षकांनी एक तक्रार केली, तोंडात शिव्या वाढल्या. बाकी वागणूक बिघडली नाही.

माझ्या मुलाच्या तोंडातही वाढल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लाटणं हातात घेऊन बाहेर आले होते. पण खरं सांगायचं तर त्यातल्या अर्ध्या त्याला त्याच्या महागड्या शाळेच्या बसमध्ये मिळाल्या होत्या, त्याही इंग्रजीत, आणि तेव्हा कोणी ग्रुपवर सावध केलं नव्हतं.

महाराष्ट्रात २०२४च्या फेब्रुवारीत सरकारनं एक बदल आणला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला शिक्षण हक्क कायद्यानं गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसणं अवघडच. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. त्या मधल्या महिन्यांत माझ्या ओळखीतल्या किती सुशिक्षित आयांना हायसं वाटलं होतं, ते मी पाहिलं आहे. “वर्गाचं वातावरण” हा त्यांचा शब्द.

संपूर्ण समाजाला जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१मध्ये केला आणि तो जायला १९५२ उजाडलं. पारध्याचं पोर आजही गावात चोरी झाली की पहिलं उचललं जातं, हे विदर्भात कोणाला सांगायची गरज नाही. कायदा जातो, लोकांच्या डोक्यातलं रजिस्टर राहतं. आमच्या गेटवरचं रजिस्टर त्याचंच छोटं भावंड.

याच शहरात उलटंही घडलं आहे, म्हणून सगळाच दोष नागपूरला देता येत नाही. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली पोरं दिसली आणि २००१मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. तिथली पोरं पुढे देशाबाहेर खेळून आली. बारसे सरांनी आधी चेंडू दिला. पोरगा कुठला, बाप काय करतो, ते नंतर. मला त्या कामाबद्दल आदर आहे, एक खंतही आहे. वस्तीतली पोरं तिथं वस्तीतल्याच पोरांशी खेळतात. आमची पोरं ताशी भाड्याच्या टर्फवर खेळतात, जाळीच्या आत, दिव्यांखाली, आपसांत. दोन्हीकडे फुटबॉलच चाललेला असतो.

आमच्या घरात एक साधी व्यवस्था ठरली. तो येईल. गेटवर अडवलं तर मुलगा जाऊन घेऊन येईल. साडेसातनंतर दोघांपैकी कोणीही पुलियावर बसायचं नाही, बसायचं तर आमच्या हॉलमध्ये किंवा त्याच्या घरी. आणि खर्रा खाऊन आला तर परत पाठवीन. ही अट त्यानं पुष्कळदा मोडली, दोनदा थापही मारली, सुपारी होती म्हणून. तो काही गोष्टीतला गुणी गरीब मुलगा नाही. पैसे हातात आले की उडवतो. आईवर ओरडतो. रागात असला की कोणाचं ऐकत नाही, माझ्या मुलाचं तर नाहीच. पण मैत्री करायला आधी चारित्र्य प्रमाणपत्र लागतं हे कोणी ठरवलं? ते मागायचं झालं तर माझ्याही मुलाला एखादंच घर आत घेईल.

फोटोबद्दल त्याला काही कळलं नसेल असं मी धरून चालले होते. एका संध्याकाळी फ्रीजच्या मागची वायर बघता बघता तो एकदम म्हणाला, “काकू, त्या फोटोत मी बरा दिसून राहिलो होतो ना? बॅट नवी होती ती.” मग मान वर न करता, “माह्या मायनं पाहिला नाही पाहिजे होता फक्त.” त्याच्या आईला तो एका पोळ्यांच्या घरी दाखवला गेला होता, हे ‘जाऊच द्या’ म्हणत म्हणत सांगितलं त्यानं.

दहावीचा फॉर्म नंबर १७ भरायला माझा मुलगा त्याच्यासोबत गेला. बाहेरून परीक्षेला बसायला पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण असलं की चालतं, पण शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला घेण्यासाठी पुन्हा त्याच शाळेच्या खिडकीवर उभं राहावं लागतं. तिथं त्याला ओळखून कोणीतरी काही बोललं. काय बोललं हे दोघांनीही मला सांगितलेलं नाही. घरी आले तेव्हा माझ्या मुलाचा चेहरा लाल होता आणि हा त्याला समजावत होता, “जाऊ दे ना बे, दाखला भेटला ना.”

निकाल लागला तेव्हा त्याचे मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्र निघाले. सामाजिक शास्त्रात तर माझ्या मुलापेक्षा चारच गुण कमी, यावरून पुढचे आठ दिवस घरात कोणाला शांतता नव्हती. इंग्रजी, गणित आणि विज्ञान राहिले. पुरवणी परीक्षा तोंडावर आली आहे. माझा मुलगा आता अकरावीच्या क्लासमध्ये इतका अडकलेला असतो की दोघांचं भेटणं कमी झालं आहे, त्यावरून भांडणंही होतात. तो म्हणतो, “तू मोठा झाला बे आता,” आणि तोंड फिरवून गॅरेजवर जातो. मैत्री टिकेल की नाही, मला सांगता येणार नाही. या वयातल्या मैत्र्या कॉलेज बदललं तरी तुटतात.

गणिताला एक चांगले सर मिळाले आहेत, रविवारी सकाळी शिकवतात, फी घेत नाहीत. अडचण एवढीच की ते आमच्याच लेआउटमध्ये मागच्या गल्लीत राहतात, आणि रविवारचा गार्ड नवीन आहे. त्याला कोण सांगणार यावर परवा आमच्याकडे चर्चा झाली. वकीलसाहेब म्हणाले, मी लेखी देतो, महापालिकेच्या रस्त्यावर रजिस्टर ठेवण्याचा अधिकार कोणत्या कलमाखाली आहे ते गार्डनं मला दाखवावं. समोरच्या काकांनी विचारलं, किती वाजता येतो तो? मी म्हटलं, साडेसातला. ते काही बोलले नाहीत. त्यांची सकाळची फिरायची वेळ सातची आहे, गेटपासून सुरू होते. त्यावरून मी कसलाही निष्कर्ष काढलेला नाही, आणि वकीलसाहेबांना लेखी द्यायला सांगितलं आहे.